तापाचे दिवस आणि आमची शब्बाथशाळा

वाचनासाठीं शास्त्रभाग : मत्तय ४:५-७, मार्क ५:२१-४३, २ तीमथ्य ४:२०.



पावसाची झड लागली, देवळाच्या खिडक्या लावून घेतल्या आणि मुलें चटईवर दाटीवाटीनें बसून गाऊं लागलीं, म्हणजे आम्हां पाळकांचें मन आनंदानें भरून येतें. परंतु त्याच दिवसांत इन्फ्ल्युएन्झा, ज्यास आपण फ्लू म्हणतों, तो गांवोगांव फिरत असतो. महाराष्ट्रांत तो विशेषेंकरून पावसाळ्यांत व पुन्हा हिवाळ्याच्या अखेरीस जोर करितो. अशा दिवसांत शब्बाथशाळा कशी चालवावी, ह्याविषयीं आज थोडा अभ्यास करण्याचें योजिलें आहे. शाळा बंद करावी असें आमचें म्हणणें नाहीं. पण शाळेच्या पायीं कोणाच्या घरीं दुखणें जाऊं नये, एवढेंच मागणें आहे.

प्रथम आमचीच चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या मंडळींत, वर्षभर एकही रविवार न चुकविणाऱ्या मुलास नाताळांत बक्षीस देण्याची चाल होती. एका रविवारीं एका लहान मुलीस सकाळपासून ताप होता. आईनें "आज राहूं दे" म्हणून सांगितलें. पण इतके महिने राखलेली हजेरी मोडेल म्हणून मुलगी रडूं लागली व शेवटीं आली. तिचे लाल डोळे व वाहतें नाक आम्हीं पाहिलें, आणि तिच्या निष्ठेची वाखाणणी करून तिला पुढच्या रांगेंत बसविलें. पुढच्या रविवारीं अर्धी चटई रिकामी होती. तिच्याजवळ बसणाऱ्या एका मुलाच्या घरीं सात महिन्यांचें तान्हें बाळ होतें. त्यास न्युमोनिया होऊन तालुक्याच्या गांवीं दवाखान्यांत न्यावें लागलें. देवाच्या कृपेनें बाळ वांचलें. दुखणें कोणापासून कोणास गेलें हें निश्चित सांगतां येत नाहीं. बाळाच्या बापानें आम्हांस एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. आणि तेंच आमच्या मनाला अधिक लागलें. दोष त्या मुलीचा नव्हता, तिच्या आईचाही नव्हता. बक्षीस आम्हींच ठेविलें होतें.

१. हें दुखणें कसें पसरतें

फ्लू हा एका विषाणूपासून होतो. आजारी मनुष्य खोकतो, शिंकतो, मोठ्यानें बोलतो किंवा गातो, तेव्हां त्याच्या तोंडांतून बारीक तुषार उडतात व ते जवळच्यांच्या श्वासांत जातात. बंद खोलींत हा धोका अधिक. तसेंच नाक पुसलेला हात पाण्याच्या पेल्यास, पाटीस किंवा चित्रांच्या कार्डास लागतो, आणि दुसरें मूल तीच वस्तु हाताळून आपला हात तोंडाकडे नेतें. संसर्गानंतर एक ते चार दिवसांत ताप येतो. त्रास दिसण्याच्या एक दिवस आधींपासून व पुढें पांच ते सात दिवस रोगी दुसऱ्यास दुखणें देऊं शकतो. लहान मुलें याहूनही अधिक दिवस देतात.

१९१८ सालच्या जून महिन्यांत ही सांथ मुंबईंत आली, आणि सप्टेंबरापासून तिची दुसरी, अधिक भयंकर लाट खेड्यापाड्यांत पसरली. हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें मेलीं असा अंदाज आहे. मनुष्यास होणाऱ्या फ्लूचा विषाणू इंग्लंडांत सांपडला तो १९३३ सालीं. १९१८ सालीं दुखण्याचें खरें कारण वैद्यांसही ठाऊक नव्हतें. पुढें २००९ सालीं स्वाइन फ्लूची सांथ आली, तेव्हां त्या रोगानें देशांतील पहिला मृत्यू पुण्यांत एका शाळकरी मुलीचा झाला व तेथील शाळा कांहीं दिवस बंद ठेवाव्या लागल्या. आपल्या वाडवडिलांस जें ठाऊक नव्हतें तें आपणांस ठाऊक आहे. म्हणून आपली जबाबदारीही मोठी आहे.

२. शास्त्र काय शिकवितें

कित्येक भाविक म्हणतात, "देवाच्या घरीं गेल्यानें दुखणें लागत नाहीं." हें बोलणें विश्वासाचें दिसतें, पण मत्तयाचा चौथा अध्याय पाहावा. सैतानानें प्रभूला कोठें उभें केलें? मंदिराच्याच शिखरावर. ती जागा पवित्र होती, आणि सैतानानें दाखविलेलें वचनही शास्त्रांतलेंच होतें. तरी प्रभूनें खालीं उडी घातली नाहीं. देवाची परीक्षा पाहणें व देवावर भाव ठेवणें ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मंदिराच्या शिखरावरून उडी मारणें जर विश्वास नव्हे, तर तापाचें मूल मंदिरांत दाटींत बसविणें हाही विश्वास नव्हे.

दुसरें, त्रफिमाचें उदाहरण घ्या. तो पौलाचा सहकारी. पौल त्याला आजारी असतां मिलेत येथें ठेवून पुढें गेला. आजारी सोबत्यास प्रवासांत ओढीत नेलें नाहीं, आणि तो मागें राहिला म्हणून पौलानें त्याला अविश्वासूही म्हटलें नाहीं. घरीं पडून राहिलेलें मूल आपल्या वर्गाचा त्रफिम आहे, असें शिक्षकांनीं समजावें.

तिसरें, याईराची कन्या. तिच्या घरीं गर्दी व गलबला होता. प्रभूनें सर्वांस बाहेर काढिलें. आईबाप व तीन शिष्य एवढेच आंत राहूं दिले. आणि मुलगी उठल्यावर तिला खावयास द्या म्हणून सांगितलें. ज्याच्या शब्दानें मुलगी जिवंत झाली, त्यानें तिच्या जेवणाची आठवण ठेविली. प्रार्थना करणारानें पथ्यपाण्याची काळजी घ्यावी, ही शिकवण येथें आहे.

३. शब्बाथशाळेंत काय करावें

(अ) ताप, खोकला किंवा घसा दुखत असलेलें मूल घरीं ठेवावें. औषधावांचून पुरा एक दिवस ताप उतरलेला राहिला व खोकला आटोक्यांत आला, म्हणजे पाठवावें. शिक्षकांसही हाच नियम. म्हणून प्रत्येक वर्गाचा पाठ दोघांनीं तयार करून ठेवावा.

(आ) हजेरीपत्रकांत आजारी मुलापुढें "आ" लिहावें व बक्षिसाच्या वेळीं तो रविवार हजर धरावा. आम्हीं ही रीत घातल्यापासून आया स्वतः येऊन मुलाचा ताप सांगूं लागल्या आहेत.

(इ) पाऊस आंत येत नसेल तिकडच्या खिडक्या उघड्या ठेवाव्या. उघडीप असल्यास वर्ग ओसरीवर किंवा झाडाखालीं भरवावा. मुलांस अंतर ठेवून बसवावें.

(ई) माठांत पेला बुडवूं नये. लांब दांड्याच्या ओगराळ्यानें पाणी काढावें व मुलांनीं आपापला पेला आणावा.

(उ) खाऊ वांटण्यापूर्वीं सर्वांचे हात साबणानें वीस सेकंद धुवावे. एखाद्या गीताचें छोटें कडवें गावयास साधारण तेवढाच वेळ लागतो. खोकतां-शिंकतां रुमाल किंवा कोपराचा आंतला भाग तोंडाशीं धरण्यास शिकवावें.

४. घरीं राहिलेल्या मुलाविषयीं

येथें एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आपल्या मंडळींतील पुष्कळांच्या वाडवडिलांनीं विटाळाच्या नांवाखालीं दूर उभें राहण्याचें दुःख सोसलें आहे. म्हणून मुलास परत पाठवितांना "लांब हो" हा शब्द तोंडांतून जाऊं नये. "बाळा, तूं बरा हो, आम्ही तुझी वाट पाहतों," असें म्हणावें, आणि त्याच आठवड्यांत तोंडाला मास्क लावून त्याच्या अंगणांत जावें. दारांतूनच प्रार्थना करावी, पाठाचें चित्र द्यावें. आठ दिवस कोणी फिरकलें नाहीं, तर मूल त्याला विटाळच समजेल.

भेटीस गेल्यावर डोळे उघडे ठेवावे. मूल भरभर श्वास घेत असेल, बरगड्या आंत ओढल्या जात असतील, ओंठ निळसर दिसत असतील, तें पाणी घेत नसेल, गुंगींत असेल, त्याला झटके येत असतील, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला असेल, तर प्रार्थनेबरोबरच गाडी बोलवावी व त्यास ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्रांत न्यावें. तान्हीं मुलें, गरोदर स्त्रिया, म्हातारीं माणसें व दम्याचे रोगी ह्यांस धोका अधिक. मुलांस ॲस्पिरिन देऊं नये. अँटिबायोटिक औषधांनीं विषाणू मरत नाहीं. तीं स्वतःच्या मनानें घेऊं नयेत. फ्लूची लस सहा महिन्यांवरील मुलांस देतां येते व ती दरवर्षीं घ्यावी लागते. तिच्याविषयीं आशाताईंस किंवा डॉक्टरांस विचारावें.

विचारासाठीं प्रश्न

१. आपल्या शब्बाथशाळेंत असें कोणतें बक्षीस किंवा चाल आहे, जिच्यामुळें आजारी मूल घरीं राहण्यास कचरतें?
२. देवावर भाव ठेवणें व देवाची परीक्षा पाहणें ह्यांतील भेद आपल्या मुलांस कसा समजावून द्याल?
३. गेल्या महिन्यांत न आलेल्या मुलांपैकीं कितींच्या घरीं आपण गेलों?

मेंढपाळाची कळप मोजण्याची रीत निराळी आहे. आपण चटईवर बसलेलीं मुलें मोजतों. तो घरीं अंथरुणावर पडलेलेंही मोजतो. येत्या रविवारीं हजेरी घेतांना हें ध्यानांत असूं द्यावें.