घायपात अननसाची कोण?

मी मराठी वाङ्मयाचा विद्यार्थी. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध शेजारधर्मापुरताच. तरीही राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटाने आवारातील झाडांना नावाच्या पाट्या लावण्याचे ठरविले, तेव्हा अक्षर बरे म्हणून ते काम माझ्याकडे आले. घायपात, कोरफड आणि पानांची खालची बाजू जांभळी असलेली रिओ या तिघींची पाने अननसासारखी गुच्छाने वाढलेली. मी तिन्ही पाट्यांवर ‘अननस कुल’ असे ठोकून दिले. पुढे आवारात आलेले एक निवृत्त प्राध्यापक पाट्या वाचून हसले आणि म्हणाले, ‘‘पानं बघून सोयरीक जुळवलीस बाबा, फुलाला विचारलंस का?’’ त्या प्रश्नातून हा लेख निघाला.

अननस कुलास शास्त्रीय भाषेत ब्रोमेलिएसी म्हणतात. ब्रोमेलियस या स्वीडिश वैद्याच्या नावावरून हे नाव पडले. या कुलात तीन हजारांहून अधिक जाती असून पश्चिम आफ्रिकेतील एक जाती सोडली, तर सर्वांचे माहेर अमेरिका खंडच. अननस आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. जहांगीर बादशहानेही आपल्या आत्मवृत्तात फिरंग्यांच्या बंदरांतून येणारे फळ म्हणून त्याची नोंद केली आहे.

आता ओळख कशी पटवावी? एका खुणेवर निकाल देऊ नये, हा पहिला धडा. या कुलात पाने बुडाशी एकमेकांना कवटाळून बसतात. पुष्कळ जातींत तेथे पाणी साठविणारा पेलाच तयार होतो. पानांवर सूक्ष्म खवले असतात व त्यांतून वनस्पती पाणी शोषून घेते. फुलात तीन संदले, तीन पाकळ्या आणि सहा केसर असून संदले व पाकळ्या एकमेकांहून स्पष्ट वेगळ्या दिसतात. घायपातीच्या फुलात सहाही दले सारखीच, म्हणून ती बाद. कोरफडीचेही तसेच. रिओच्या फुलात संदले व पाकळ्या वेगळ्या आहेत खऱ्या, पण तिच्या पानांवर ते पाणी शोषणारे खवले नाहीत.

गंमत पुढेच आहे. आजच्या वर्गीकरणाप्रमाणे घायपात आणि कोरफड या शतावरीच्या गणात, म्हणजे कांद्याच्या भावकीत येतात. आणि अननसाचा गण तोच, जो आपल्या ज्वारीचा आणि बांबूचा! दिसण्यात आणि नात्यात एवढे अंतर असते. घायपात व अननस सारखे दिसतात, कारण कोरड्या जागी तगण्याचा उपाय दोघांनी आपापल्या वाटेने शोधला आहे. दोघेही पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात आणि दिवसा पाणी वाचवितात.

कुल ठरले की उपकुल. जुन्या पद्धतीत तीन उपकुले मानीत, आणि नवख्याला तीच सोयीची :

१) पिटकेर्निया गट : बहुधा जमिनीवर वाढतो, पानांच्या कडा बहुधा काटेरी, फळ बोंड, बियांना बहुधा पंख.

२) टिलँडसिया गट : पानांच्या कडा गुळगुळीत, फळ बोंड, बियांना पिसासारखे केस.

३) ब्रोमेलिया गट : कडा बहुधा काटेरी, किंजपुट पाकळ्यांच्या खाली, फळ मांसल. अननस यातलाच.

२००७ साली पहिल्या गटाची फोड करून एकूण आठ उपकुले मानण्यात आली. दुसरा व तिसरा गट कायम राहिले. काट्यांवर मात्र फार विसंबू नये. क्यू जातीच्या अननसाची पाने जवळजवळ बिनकाट्याची असतात. केवळ कडा पाहणारा त्याला दुसऱ्या गटात ढकलील.

फुलाची साक्ष सीताबर्डीच्या फळगाडीवरही मिळते. अननसाचा प्रत्येक ‘डोळा’ म्हणजे एकेक फूल. अनेक फुलांची फळे व मधला दांडा एकजीव होऊन एक अननस बनतो. डोळ्यांच्या तिरप्या रांगा मोजून पाहा : एका बाजूने बहुधा आठ, दुसऱ्या बाजूने तेरा भरतात.

आणखी एक गैरसमज. टिलँडसिया झाडावर वाढते म्हणून तिला बांडगूळ म्हणतात. आंब्यावरचे बांडगूळ फांदीत मूळ घुसवून रस ओढते. टिलँडसिया फक्त आधार घेते. भाडेकरूला चोर म्हणण्यासारखेच हे!

असो. पाट्या बदलल्या. अक्षर सुंदर म्हणून माझी चूक येणारीजाणारी मुले खरी मानीत होती, याची बोचणी अजून आहे. पोर्चमधील एका कुंडीतले रोप खरोखरच या कुलातील आहे. पण त्याला अद्याप फूल आलेले नाही. त्याच्या पाटीवर ‘अननस कुल’ एवढेच लिहून उपकुलाची जागा मी कोरी ठेवली आहे.