वापसा आहे तोवर अंगणातली जुनी झुडपं काढा

परतीचा पाऊस आटोपला की दोन-तीन आठवडे जमिनीत पहार सहज जाते. काळ्या रानात एकदा भेगा पडू लागल्या की तेच काम दुप्पट घाम काढतं. सोयाबीनची मळणी, भाताची कापणी, हरभऱ्याची पेरणी या धांदलीत घरासमोरच्या अंगणाकडे कोण बघणार, हे खरं. पण एक सकाळ तिकडे द्याच, कारण ही वेळ गेली की पुढच्या जूनपर्यंत थांबावं लागतं.

चार महिन्यांच्या पावसाने अंगणाची काय दशा केलेली असते ते बघा. ड्युरांटा खिडकीच्या वर गेलेला, जास्वंद खाली उघडीबोडकी आणि शेंड्याला चार फुलं, मेंदीचं कुंपण बाहेरून हिरवंगार पण आत हात घातला तर नुसत्या काटक्या. अशा वेळी सगळ्यांना एकच कोयता लावायची घाई होते. ती करू नका. झुडूप ठेवायचं की काढायचं हे त्याच्या उंचीवरून ठरत नाही. जुन्या लाकडावर ते फुटतं की नाही, यावरून ठरतं.

जास्वंद, तगर, अ‍ॅकॅलिफा, कण्हेर, मेंदी ही मंडळी चिवट. गुडघ्याएवढी छाटली तरी फुटतात. खोडाची साल नखाने खरवडून पाहा. आत हिरवी ओल दिसली तर झाड जिवंत आहे. तरी सगळ्या फांद्या एका दिवसात उडवू नका. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, उघड्या पडलेल्या सालीला ते भाजतं. सगळ्यात जुन्या, जाड फांद्यांपैकी एक तृतीयांश बुडापासून काढा, उरलेल्या पुढच्या दोन हंगामांत. अंगठ्यापेक्षा जाड काप असेल तिथे बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. घरच्या चार झाडांना याचा दहावा हिस्सासुद्धा पुरून उरतो.

मोरपंखीचं तसं नाही. गेटच्या दोन्ही बाजूंना हौसेने लावलेली ही जोडी आठ-दहा वर्षांत आतून तपकिरी होते, आणि त्या तपकिरी भागावर कोंब येत नाही. छाटून गोल करू म्हणाल तर भोकं कायमची राहतात. ती सरळ मुळासकट काढा. भिंतीलगत कोनोकार्पस असेल तर त्याचीही गय नको. त्याची मुळं पाण्याच्या पाइपात आणि गटारात शिरतात. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली ती उगाच नाही. मात्र शहरी हद्दीत राहत असाल आणि झुडपाचं झाड झालं असेल, तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते का, हे पालिकेत विचारून घ्या.

काही झाडांना आत्ता हात लावायचा नाही. पारिजातक फुलावर आहे, त्याची छाटणी फुलं संपल्यावर. कुंद थंडीत फुलतो, आत्ता छाटाल तर कळ्याच जातील. मोगऱ्याची छाटणी डिसेंबर-जानेवारीत, पाण्याचा ताण देऊन. गुलाबाची मात्र हीच वेळ. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी ज्याच्या अंगवळणी पडली आहे त्याला ही वेगळी सांगायला नको.

कोयता चालवण्याआधी काठीने झुडूप हलवा, खालचा पाचोळा बाजूला करा. दाट कुंपणाच्या बुडाशी घोणस असू शकते, आत गांधीलमाश्यांचं पोळं असू शकतं. पायात बूट हवेतच. फांदीत मुनियेचं घरटं दिसलं आणि आत पिल्लं असतील, तर ते झुडूप पंधरा दिवस तसंच ठेवा.

आता ज्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं ते सांगतो. कापलेला पाला बांधावर किंवा गोठ्यामागे टाकायची आपली सवय. कण्हेरीचा पाला गुरांना विषारी आहे, आणि तो वाळल्यावरही विषारीच राहतो. वाळलेल्या पाल्याचा कडू वास कमी होतो आणि शेळी बिनघोर तोंड घालते. पिवळी बिट्टी, घाणेरी, ड्युरांटा यांनाही गुरांपासून लांब ठेवा. कण्हेर जाळूही नका, धूर त्रासदायक असतो. खड्डा करून पुरून टाका. जास्वंदीच्या फांद्यांवर पांढरा पिठ्या ढेकूण असेल तर त्या कंपोस्टमध्ये घालू नका, नाहीतर तो बागभर होईल. बाकीचा निरोगी पाला बारीक करून नव्या रोपांच्या आच्छादनाला वापरा.

बुंधा कापून मुळं जमिनीतच ठेवली की वाळवी लागते आणि नवं रोप तिथे नीट वाढत नाही. म्हणून फूटभर लांबून गोल चर खणा, मुळं तोडा, पहारीने बुंधा उचला. नवा खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल. आठवडाभर ऊन खाऊ द्या. मग वरची माती, दोन घमेली शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत मुठीत दाबून बघा. मातीसारखा वास आला तर चांगलं. शेणाचा वास येत असेल तर ते कच्चं आहे आणि त्यासोबत हुमणी येण्याची शक्यता जास्त. पाणी साचणाऱ्या जागी खड्ड्याऐवजी उंच वाफा करून लावा.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाची पिशवी फाडा आणि बुडाशी मुळांचं वेटोळं झालं असेल तर ते कापा. ही मुळं सुटली नाहीत तर झाड वर्षानुवर्षं खुरटं राहतं. भिंतीपासून तीन फूट अंतर सोडा. आज ते मोकळं मोकळं दिसेल, दिसू द्या.

काय लावायचं? देशावर कमी पाण्याच्या अंगणात कोरांटी, अबोली, तगर, कुंद. कोकणच्या तांबड्या मातीत अनंत आणि एक्झोरा बहरतात. तेच चुनखडीच्या काळ्या जमिनीत लावाल तर शिरा हिरव्या आणि पान पिवळं पडेल, दरवर्षी हिराकस देत बसावं लागेल. सुगंधासाठी कुंती उत्तम, पण नागपूर-अमरावतीच्या संत्रापट्ट्यात ती अंगणातही नको. संत्र्यावर ग्रीनिंग रोग पसरवणारी सायला कीड कुंतीच्या कोवळ्या पालवीवर पोसते. कढीपत्त्यावरही ती येते. घरचं एखादं झाड असेल तर नवी पालवी येताना त्यावर नजर ठेवा, आणि कीड दिसली तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारा.