पर्यावरणशास्त्राचे उच्च शिक्षण आणि खानदेशचे पाणी

पर्यावरणविषयक शिक्षण सर्व स्तरांवर दिले जावे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिले. त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला आणि २००४ पासून तो सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांस अनिवार्य झाला. तथापि, अनिवार्य विषयाने ओळख होते. जाणकार तयार होण्यास पदव्युत्तर अध्ययनच लागते.

खानदेशात या अध्ययनाची सोय जळगाव येथील विद्यापीठात आहे. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या व २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाच्या क्षेत्रात जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे येतात. या शिक्षणाची खरी प्रयोगशाळा म्हणजे हाच प्रदेश होय.

येथील भूमी एकसारखी नाही. तापीकाठी यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात गाळाचे खोल थर आहेत, तर साक्री-धुळ्याकडे काळा कातळ आहे. कातळात पाणी साठते ते केवळ भेगांत व झिजलेल्या थरांत. म्हणूनच नाला खोलीकरणासारखा एका गावी यशस्वी ठरलेला उपाय दुसऱ्या गावी जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही. भूस्तर न पाहता काम हाती घेतल्यास सार्वजनिक पैसा खर्ची पडतो आणि विहिरी मात्र कोरड्याच राहतात.

व्यवस्थापनाचा धडाही येथेच मिळतो. पांझरा नदीवरील फड पद्धतीत बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडून एका फडात एकच पीक घेतले जाई. पाण्याची वाटणी पाटकरी करी आणि नियम गावकरी स्वतः ठरवीत. पुढे नदीच्या वरच्या अंगाला धरणे झाली व ही व्यवस्था क्षीण होत गेली. परंतु पाणी मोजून व वाटून घ्यावे, हे तिचे तत्त्व जुने झालेले नाही.

ते मोजमाप कठीणही नाही. एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० हजार लिटर पाणी मिळते. या हिशेबाने १०० हेक्टरांवर ५०० मिलिमीटर पावसाचे पाणी ५० कोटी लिटर होते. त्यातील किती वाहून जाते, किती वाफ होते व किती मुरते, हे ठरविण्यास मात्र प्रशिक्षित दृष्टी हवी. विद्यार्थ्यांनी आपल्या प्रबंधासाठी एकेक गाव निवडून असा ताळेबंद मांडला व तो ग्रामसभेपुढे ठेवला, तर पिकांचे नियोजन अंदाजावर सोडावे लागणार नाही.

केवळ शास्त्र पुरेसे नाही, हे साक्री तालुक्यातील बारीपाड्याने दाखविले आहे. तेथील ग्रामस्थांनी चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने स्वतः नियम करून जंगल राखले. पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. विद्यापीठाचे ज्ञान आणि गावाचा निर्धार यांची सांगड घालणे, हे शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य या तिघांचेही काम आहे.