कोरी राहिलेली नावं

भाचीबाई, वाळूजकडची शाळा मिळाली, बरं झालं. तिथं आष्टी-परभणीकडची लेकरं भेटतील, बिहारमधून कारखान्यात आलेल्यांची भेटतील, उर्दू शाळेतून मध्येच आलेलं एखादंही असेल. चाळीस वर्षं खडू धरलेल्या मामाचं थोडं ऐकून ठेव.

हजर झालीस की पहिल्याच आठवड्यात पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माग. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेत वाचनालय हवं असं सांगितलं, त्यामुळे थोडीफार पुस्तकं असतातच. ती कुलपात असतात, एवढंच. पुस्तक हरवलं-फाटलं तर भरून कोण देणार, हा गुरुजींचा धाक खरा आहे, त्याला हसू नकोस. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आधीच ठराव लिहून घे: वाचून फाटलेल्या पुस्तकाबद्दल कुणाला जाब विचारायचा नाही, यादी करून त्याचं रीतसर निर्लेखन करायचं. ठराव झाला की सुतळी बांध आणि पुस्तकं वर्गातच लटकव.

तरी उघड्या पुस्तकांवर आधी झडप घालतात ती घरी पुस्तकं असलेलीच लेकरं. आपली देवघेवीची वही पुस्तकं मोजते, किती गेली, किती आली. तू ती उलटी ठेव. डाव्या बाजूला हजेरीतली सगळी नावं लिही आणि दर शनिवारी कुणापुढचा रकाना कोरा राहिला ते बघ. कोऱ्या नावाला कारण विचारत बसू नकोस, पुस्तक हातात दे. सहावीतल्या थोराड पोराला चिऊकाऊची गोष्ट दिलीस तर वर्ग हसेल आणि तो परत येणार नाही. त्याला ट्रॅक्टरचं, सापांचं, कुस्तीचं दे. मजकूर थोडा, पण विषय त्याच्या वयाचा. पुस्तकं कमी पडली तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट मिळतात. 1971 पासून चालू आहे ते. हवी ती पानं छापून घे.

मुलींचं वेगळं असतं. घरी गेल्यावर पाणी, भांडी, धाकटी भावंडं. पुस्तक दप्तरात जातं आणि तसंच परत येतं. म्हणून वाचनाची वीस मिनिटं शाळेच्या वेळातच काढ, गृहपाठावर सोडू नकोस. घराजवळ पुस्तक नेता आलं तर आणखी चांगलं. आपल्या औरंगाबाद शहरात जानेवारी 2021 मध्ये, टाळेबंदीनंतर लहान वर्गांच्या शाळा अजून बंदच होत्या तेव्हा, रीड अँड लीड फाउंडेशनच्या मदतीनं मोहल्ल्यांत बाल वाचनालयं सुरू झाली. सुरुवात एका शाळकरी मुलीनं स्वतःजवळच्या पुस्तकांवर केली. त्यातलं मला पटलं ते असं की वाचनालय गल्लीतच असलं म्हणजे मोठा रस्ता ओलांडायला, सोबतीला, परवानगीला अडायला नको.

परिपाठात बोधकथा रोज कोण वाचतं, हेही बघ. तीच ती तीन-चार हुशार लेकरं. अडखळणाऱ्याला आदल्या दिवशी परिच्छेद दे, घरी दहादा वाचून येऊ दे आणि मग माइक दे. आयत्या वेळी उभं केलंस तर ती संधी नाही, शिक्षा होते.

लिहिण्याचा विषय निघाला की आपण सगळेच घसरतो. भित्तिपत्रकावर सुवाच्य अक्षरवाल्यांचीच पानं लागतात. तुझ्या हस्तलिखितात प्रत्येकाचं एक पान हवं. ज्याला लिहिता येत नाही त्यानं सांगावं, दुसऱ्यानं उतरून घ्यावं. नाव मात्र सांगणाऱ्याचं. बंजारा तांड्यावरचं लेकरू पहिला खर्डा गोरबोलीत सांगेल, रोशन गेटकडून आलेलं दखनीत. लिहू दे. प्रमाण मराठी दुसऱ्या खर्ड्यात येईल. पहिल्याच ओळीवर लाल शाई फिरवलीस तर पुढची ओळ येतच नाही.

हे मी उगाच सांगत नाही, आपल्या गावानं पाहिलेलं आहे. निजामाच्या काळात मराठवाड्यातल्या पोराला पदवीसाठी बहुतेक हैदराबादच गाठावं लागे. 1950 साली बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय. त्याच्या नागसेनवन परिसरात वसतिगृहंही उभी राहिली, कारण झोपायला, जेवायला, अभ्यासाला जागाच नसली तर खेड्यातलं पोर वाचणार कुठं? पण मला त्याच्या पुढचा टप्पा जास्त मोलाचा वाटतो. गंगाधर पानतावण्यांनी याच शहरातून ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवलं आणि जे कुठंच छापून आले नव्हते अशा कितीतरी दलित तरुणांचं लेखन छापलं. वाचायला मिळालं तेव्हा अर्धं काम झालं. त्यांचं कुणी वाचलं तेव्हा उरलेलं.

दिवाळीनंतर पटावरची काही नावं उसाच्या फडावर जातील. जाण्याआधी शिक्षण हमी कार्ड भरून दे आणि दोन पुस्तकं व कोरी वही दे. परत येतील की नाही, याचा हिशोब करू नकोस. पुस्तकांचं म्हणतोय मी, लेकरांचा हिशोब तर ठेवावाच लागेल.

आणखी एक. अक्षरं उलटी लिहिणाऱ्या लेकराला ‘ढ’ म्हणू नकोस, कुणाला म्हणूही देऊ नकोस. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमताही धरलेली आहे, आणि पात्र मुलांना परीक्षेत लेखनिक नि जादा वेळ मिळतो. प्रमाणपत्राला मात्र हेलपाटे पडतात, तेव्हा दहावीची वाट न पाहता पालकांना आधीच पाठव. लेखनिकाबरोबर सरावही आधीच कर. उत्तर तोंडी सांगून लिहवून घेणं हेसुद्धा शिकावं लागतं.

केंद्रप्रमुख भेटीला आले की सगळे खुणावतील, त्या हुशार पोरीला वाचायला उभं कर. तिला बसू दे. साहेबांसमोर ती उलटी वही ठेव आणि जूनमध्ये कोरं असलेलं एखादं नाव दाखव.