दोन लाखांचं ग्राफिक्स कार्ड: घेण्याआधी करायचा हिशेब

नवं कार्ड हवं की नको, हे दुकानात ठरवू नका. घरी, आत्ता आहे त्या पीसीवर ठरवा. दहा मिनिटं लागतात, खर्च शून्य.

तुमचा नेहमीचा गेम लावा. व्ही-सिंक आणि फ्रेमची मर्यादा बंद करा. आता रिझोल्यूशन एक पायरी खाली आणा. फ्रेम रेट चांगला वाढला तर आत्ताचं कार्ड खरंच दमतंय. जेमतेम हलला तर अडसर प्रोसेसरचा आहे. दोन लाखांचं कार्ड बसवलंत तरी तो अडसर तिथेच राहणार. एडिटिंग किंवा रेंडरिंग करत असाल तर काम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा वापर आणि त्याची मेमरी पाहा. मेमरी काठोकाठ भरत असेल, तर मोठ्या कार्डाचा विचार करायला निमित्त आहे. दोन्ही अर्धे रिकामे दिसत असतील तर पैसे रॅम, एसएसडी किंवा प्रोसेसरवर घाला.

दुसरी तपासणी मॉनिटरची. तो १०८०पी आणि ६० हर्ट्झचा असेल तर इथेच थांबा. कार्ड सेकंदाला दीडशे फ्रेम काढेल, पडदा साठच दाखवेल. महागड्या कार्डाचा फरक दिसतो तो ४के पडद्यावर किंवा १४४० पी आणि वरच्या रिफ्रेश रेटवर. असा ४के, १४४ हर्ट्झचा मॉनिटर साधारण तीस हजारांच्या पुढे जातो. ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला आहे. दुकानदार जुन्या दराचं कोटेशन पुढे करत असेल तर बोट ठेवा.

भाव किती

एनव्हिडियाने ५० मालिका जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केली तेव्हा भारतातले सुरुवातीचे भाव असे होते: आरटीएक्स ५०९० – २,१४,००० रुपये, ५०८० – १,०७,०००, ५०७० टीआय – ८०,०००, ५०७० – ५९,०००. यात जीएसटी धरलेला आहे. हे आजचे भाव नव्हेत, मोजपट्टी आहे. तीन पंख्यांचं, रंगीत दिव्यांचं, ‘ओसी’ लिहिलेलं त्याच चिपचं कार्ड दहा-वीस हजारांनी महाग असतं आणि वेगात फरक पडतो तो दोन-चार टक्क्यांचा. शिवाय २०२५च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव चढले आहेत, त्याची झळ कार्डांनाही आहे. तरीही जाहीर किमतीपेक्षा पाव पटीहून जास्त कोणी मागत असेल, तर एक पायरी खालचं कार्ड बघा. त्या भावात ‘लेटेस्ट’ या शब्दाचे पैसे जास्त असतात.

जास्तीच्या पैशांत मिळतं काय? ५०९० मध्ये ३२ जीबी मेमरी आहे, त्याआधीच्या ४०९० मध्ये २४ होती. ४के वर वेग साधारण पंचवीस ते तीस टक्के जास्त. अमेरिकेतली किंमत १,५९९ डॉलरवरून १,९९९ वर गेली, म्हणजे तीही पाव पट. वीज ४५० वॉटवरून ५७५ वर. जेवढं जास्त दिलं तेवढंच जास्त मिळालं, स्वस्ताई कुठेच नाही. तेव्हा ४०९० वाल्यांनी गप्प बसावं. ४०८० सुपरवरून ५०८० वर जाणाऱ्यांनी तर जास्तच गप्प बसावं, कारण तिथे फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास आहे आणि मेमरी दोन्हीकडे १६ जीबीच.

जाहिरातीतल्या आलेखांपासून जपा. ५०७० हे ५४९ डॉलरमध्ये ४०९० ची कामगिरी देतं, असं कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी मंचावरून सांगितलं होतं. त्या बरोबरीत मल्टी फ्रेम जनरेशन धरलेलं होतं: कार्ड एक खरी फ्रेम काढतं आणि पुढच्या तीनपर्यंत एआय रचून भरतं. चित्र गुळगुळीत दिसतं हे खरं. पण माऊस हलवल्यावर गेम किती चटकन प्रतिसाद देतो, ते खऱ्या फ्रेमवरच ठरतं. मूळ वेगच पंचवीस-तीसचा असेल तर आकडा शंभरावर गेला तरी हाताला जडपणा जाणवतो. शिवाय ५०७० मध्ये मेमरी १२ जीबी, ४०९० मध्ये २४. रिव्ह्यू पाहताना फ्रेम जनरेशन बंद ठेवून घेतलेले आकडे शोधा, बाकीचे सोडून द्या.

कोणाला परवडतं

फक्त गेम खेळत असाल तर ५०७० टीआय किंवा एएमडीचं रेडिऑन आरएक्स ९०७० एक्सटी, इथे बहुतेकांचं भागतं. दोन्हींत १६ जीबी मेमरी, दोन्ही ३०० वॉटच्या आसपास. त्यावरचे पैसे हौसेचे. हौस असावी, फक्त तिला ‘गुंतवणूक’ म्हणू नका.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना दुकानात हमखास मोठं कार्ड गळ्यात मारलं जातं. तुमचा कॅमेरा दहा बिट ४:२:२ शूट करत असेल आणि टाइमलाइन अडखळत असेल, तर त्यावरचा हार्डवेअर आधार ५० मालिकेतल्या स्वस्त कार्डांतही आहे. ५०६० टीआयच्या १६ जीबी आवृत्तीने काम सुटत असेल, तर उरलेल्या पैशांत लेन्स येते. आधी सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती वापरता ते मात्र तपासा. काही सुविधा फक्त पैसे भरलेल्या आवृत्तीत उघडतात.

घरच्या पीसीवर एआय मॉडेल चालवायची असतील तर वेग नंतर, मेमरी आधी. चार बिटांत दाबलेलं ३० अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ३२ जीबीत आरामात बसतं. ७० अब्जांचं बसत नाही, कारण नुसत्या वजनांनाच ३५ जीबी लागतात. मग ते साध्या रॅममध्ये सांडतं आणि रखडतं. ‘५०९० वर काहीही चालतं’ असं सांगणाऱ्याला मॉडेलचं नाव आणि आकार विचारा. महिन्यात चार दिवसांचंच काम असेल तर तासावर भाड्याचा क्लाउड जीपीयू घ्या. तुमचे तास गुणिले भाडं हा आकडा कार्डाच्या किमतीशेजारी लिहून बघा. आणि एएमडीचं कार्ड घेण्याआधी तुमचं सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्या कुडा प्रणालीशिवाय चालतं का, ते पक्कं करा.

बिलात न दिसणारे खर्च

पॉवर सप्लाय हा पहिला. एनव्हिडियाची शिफारस ५०९० साठी १,००० वॉट, ५०८० साठी ८५०, ५०७० टीआयसाठी ७५०. चांगल्या कंपनीचा, गोल्ड दर्जाचा १,००० वॉटचा सप्लाय साधारण तेरा ते वीस हजारांत येतो. इथे पैसे वाचवू नका. ५०९० ला लागणारा सोळा पिनांचा कनेक्टर ६०० वॉटपर्यंतचा आणि कार्ड ओढतं ५७५, हाताशी काहीच शिल्लक नाही. कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी २०२२ पासून येत आहेत. सप्लाय एटीएक्स ३.१ चा घ्या, त्याच्यासोबत आलेलीच केबल वापरा, ती शेवटपर्यंत बसली आहे हे डोळ्यांनी पाहा आणि कनेक्टरच्या अगदी जवळ वाकवू नका.

दुसरा कॅबिनेट. मोठी कार्डं ३३ ते ३६ सेंटिमीटर लांब, तीन-साडेतीन स्लॉट जाड आणि दोन किलोंच्या वर असतात. टेप घेऊन आतली जागा मोजा, पुढच्या पंख्यांची जाडी वजा करा. बसत नसेल तर आणखी सहा ते दहा हजार. कार्ड लोंबू नये म्हणून खालून आधार लावा. तो बहुधा खोक्यातच असतो, दुकानदार वेगळे पैसे सांगेल.

तिसरा यूपीएस, आणि हा हटकून विसरला जातो. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॉट पेलतो. तेवढी वीज एकटं ५०८० खातं. वीज गेली की हा यूपीएस मिनिटभरही तग धरणार नाही, भाराखाली जागच्या जागी बंद पडेल. मोठ्या कार्डाला दीड-दोन हजार व्हीएचा यूपीएस लागतो, म्हणजे दहा हजारांच्या पुढे. वीज सारखी ये-जा करणाऱ्या गावात राहत असाल तर हा खर्च ऐच्छिक नाही. खोलीतल्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हेही वायरमनकडून बघून घ्या.

चौथं वीजबिल. रोज चार तास पूर्ण ताकदीने वापर धरला तर ५०९० महिन्याला ६९ युनिट खातं, ५०८० सुमारे ४३, ५०७० टीआय ३६. युनिटला बारा रुपये धरले तर ५०९० चे महिन्याला ८२८ रुपये. बारा हा धरून चाललेला आकडा आहे. तुमच्या बिलातली एकूण रक्कम भागिले युनिट, हा तुमचा दर. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. घराचा वापर २८० च्या आसपास असेल, तर कार्डाची बरीचशी युनिटं वरच्या महागड्या टप्प्यात पडतील. ५७५ वॉटची उष्णता खोलीतच राहते, म्हणजे मे महिन्यात एसीचं बिल वेगळं.

पैसे देताना

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा किंवा ऑनलाइन घ्या, पण कोटेशन लेखी घ्या आणि एकच प्रश्न विचारा: सगळं धरून अंतिम रक्कम किती? कार्ड स्वाइप केलं की दोन टक्के जास्त मागतात. २,१४,००० वर ते ४,२८० रुपये होतात. ‘नो-कॉस्ट’ ईएमआयमध्ये व्याज सवलतीच्या रूपाने वळतं केलं जातं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी असते. रोख देणाऱ्याला मिळणारी सूट ईएमआयवर मिळत नसेल, तर तोही खर्चच. माल कमी असला की ‘कार्ड हवं तर सोबत मदरबोर्ड घ्या’ अशी अट घातली जाते. नको असलेल्या वस्तूची किंमत कार्डात मिळवा आणि मग ठरवा.

‘बिलाशिवाय घ्या, अठरा टक्के वाचतील’ याला भुलू नका. बिल नाही तर वॉरंटीची मारामारी आणि तक्रारीला आधारही नाही. उलट, तुमचा नोंदणीकृत व्यवसाय असेल तर बिलावर स्वतःचा जीएसटी क्रमांक टाकून घ्या. काम खरंच व्यवसायाचं असेल तर २,१४,००० मधले सुमारे ३२,६०० रुपये इनपुट क्रेडिट म्हणून वळते होतात आणि उरलेल्या किमतीवर संगणकासाठीचा ४० टक्के घसारा मिळतो. दुकान सोडण्याआधी हे सांगा, बिल नंतर बदलून द्यायला कोणी उत्सुक नसतं.

अमेरिकेतून भाऊ-वहिनी येणार आहेत, त्यांच्याकडून मागवू का? हिशेब करा. १,९९९ डॉलरमध्ये विक्रीकर नसतो. न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के, म्हणजे २,१३१ डॉलर. जानेवारी २०२५ च्या ८६ रुपयांच्या आसपासच्या दराने १,८३,००० च्या वर. बॅगेजच्या करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त रकमेवर विमानतळावर सीमाशुल्क. आणि बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी खरेदी केलेल्या देशापुरतीच असते. सीमाशुल्क धरण्याआधीच्या तीस हजारांच्या फरकासाठी तीन वर्षांची वॉरंटी घालवायची का, ते तुम्ही ठरवा. खोकं फेकून कार्ड कपड्यांत गुंडाळून आणण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील; पकडलं गेल्यावर दंड भरायला ते येत नाहीत.

वॉरंटी साधारण तीन वर्षांची असते. काही कंपन्या नोंदणी केल्यास वाढवतात, पण नोंदणीला मुदत असते. तीन गोष्टी विचारा: वॉरंटी बिलाच्या तारखेपासून की सीरियल नंबरवरून, सेवा केंद्र तुमच्या शहरात आहे का, आणि दुरुस्तीला पाठवायचा कुरिअर खर्च कोणाचा. रत्नागिरीहून मुंबईला दोन किलोंचं पार्सल विम्यासह पाठवणं फुकट नाही.

जुनं कार्ड घेताना फोटोवर भाव ठरवू नका. ४०९० मधून मुख्य चिप आणि मेमरी काढून नुसता सांगाडा विकल्याचे प्रकार घडले आहेत. विकणाऱ्याच्या पीसीवर अर्धा तास भाराखाली चालवून बघा, तापमान आणि पंख्याचा आवाज तपासा, मूळ बिल मागा, सीरियल नंबर बिलाशी जुळवा. आधी पैसे पाठवा, कार्ड मागाहून येईल, म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या.

कार्ड घरी आल्यावर

ऑनलाइन मागवलंत तर खोकं फोडण्याआधी मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करा: सील, सीरियल नंबर, मग आतला माल, एकाच सलग व्हिडिओत. पीसी जोडून ट्रॅव्हल्सच्या बसने मागवत असाल तर कार्ड काढून वेगळ्या खोक्यात पाठवायला सांगा, नाहीतर रस्त्यातल्या धक्क्यांनी स्लॉट तुटतो.

पहिल्याच दिवशी जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये काही ५०९० आणि ५०७० टीआय कार्डांत, नंतर ५०८० मध्येही, चिपमधले आरओपी नावाचे काही भाग कमी निघाले होते. सरासरी चार टक्के वेग घटतो, असं एनव्हिडियानेच मान्य केलं होतं. ५०९० वर आरओपी १७६ दिसायला हवेत, ५०८० वर ११२, ५०७० टीआयवर ९६. आठ कमी दिसले तर स्क्रीनशॉट घ्या आणि बदलून मागा. बदलून देण्याची दुकानाची मुदत बहुधा सात-दहा दिवसांची असते, म्हणून पहिल्या आठवड्यात कार्ड भरपूर राबवा.

दुकान दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. सोबत बिल, वॉरंटी कार्ड, व्हिडिओ आणि दुकानाशी झालेला लेखी पत्रव्यवहार जोडा. व्हॉट्सॲपवरचे मेसेज चालतात, फोनवरचं बोलणं सिद्ध करणं अवघड जातं. म्हणून फोन झाला की त्यातलं ठरलेलं लगेच मेसेज करून ठेवा.