‘ब्रेक ऑइल’ हे ऑइल नव्हे



सेवाकार्याची जीप शहापूरहून डोळखांबकडे किंवा मुरबाडहून टोकावड्याकडे निघते, तेव्हा तिच्यात कधी कळा सुरू झालेली बाई असते, कधी सुट्टीहून परतणारी वसतिगृहातली मुले. म्हणून या अंकातला पाठ ब्रेकविषयी आहे. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनीही तो वाचावा.

घोटाळा नावापासूनच सुरू होतो. आपण सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, पण ते तेल नव्हेच. बाटलीवर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेला हा द्रव ग्लायकॉल जातीचा असतो आणि पाण्यात विरघळतो. आपण पेडल दाबतो तो दाब हाच द्रव नळ्यांतून चाकांपर्यंत नेतो. आतली रबरे त्यालाच सोसतील अशी बनवलेली असतात. इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचे ऑइल त्या टाकीत पडले की ती फुगतात, मऊ पडतात. मग ब्रेक धरून राहतात, चाके तापतात, आणि एक दिवस पेडल तळाला जाते. हे लगेच घडत नाही. सकाळी चुकीचे तेल पडले तरी संध्याकाळपर्यंत गाडी नीट चालू शकते, आणि ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्यांचे फावते.

पाणी पडले तर प्रकार वेगळा. ताजा डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. थोडे पाणी शोषले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. कसारा किंवा माळशेज उतरताना ब्रेक सतत दाबून तापले की आत वाफ होते. वाफ दाबली जाते, पण दाब पुढे जात नाही.

चुकीचे काही पडल्याचे कळताच गाडी हलवू नये, पेडलही दाबू नये. पेडल दाबलेले नसेल तर मेकॅनिकने टाकीतले सगळे उपसून, टाकी काढून धुतल्यावर बहुधा भागते. गाडी चालली असेल तर मास्टर सिलिंडर, चारही चाकांची रबरे आणि होज पाइप बदलावे लागतात, नळ्या ताज्या ब्रेक ऑइलने धुवून हवा काढावी लागते. एबीएस असेल तर खर्च आणखी वाढतो. ‘जुने काढून नवे भरू, झाले!’ हा सल्ला ऐकू नये. फुगलेले रबर पूर्ववत होत नाही. नळ्या पेट्रोल, डिझेल वा रॉकेलने धुणे म्हणजे तोच घोटाळा पुन्हा करणे.

शंका असेल तर टाकीतले थोडे काढून पाण्याच्या ग्लासात टाकावे. तेल वर तरंगेल, ब्रेक ऑइल मिसळून जाईल. तो ग्लास पुन्हा वापरू नये. हा द्रव विषारी आहे.

गाडी गॅरेजला न्यायची तर क्रेनवर किंवा टेम्पोत चढवून. दोरीने ओढलेल्या गाडीलाही ब्रेक लागतोच. ‘प्रार्थना करून सावकाश नेऊ’ असे कोणी म्हटले तर प्रार्थना जरूर करावी, गाडी जागेवर ठेवून.

आणि चालकाला रागावू नये. बिलाच्या भीतीने त्याने चूक लपवली, तर ती घाटातच उघडी पडेल. त्याने सांगितले त्याच दिवशी दुसरी गाडी भाड्याने घ्यावी. दुरुस्तीनंतर आधी सपाट रस्त्यावर हळू चालवून पाहावे, आठवड्याने टाकीची पातळी व रंग तपासावा, मगच घाट.