फेलोशिपचे वर्ष आणि विहिरीचे वर्ष

नेटमधून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळालेल्या विद्यार्थ्याला जानेवारी २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७ हजार रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. दोन वर्षांनी समितीपुढे काम मांडायचे. ते समाधानकारक ठरले की तो सीनिअर होतो आणि रक्कम ४२ हजारांवर जाते. एकूण मुदत पाच वर्षे. प्रयोगशाळेच्या चार भिंतींत बसणाऱ्या विषयाला हे वेळापत्रक चालून जाते. विषय गावातला, शेतातला, पाण्याचा असला की अडचणी सुरू होतात.

यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यातल्या भूजलातील फ्लोराइड हे उदाहरण घ्यावे. खडकातल्या खनिजांतून फ्लोराइड पाण्यात उतरते, आणि कॅल्शियम कमी व अल्कता जास्त असेल तिथे ते अधिक साठते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत चालते. पावसाने हे प्रमाण किती हलते हे कळायला नमुने मे महिन्यात आणि पुन्हा पावसाळ्यानंतर, त्याच विहिरींतून घ्यावे लागतात. पाच वर्षांत मे येतात पाच. पहिला कोर्सवर्क आणि विषयमंजुरीत जातो, शेवटचा प्रबंध लिहिण्यात. उरतात तीन. सीनिअर होण्यासाठीच्या मूल्यांकनापर्यंत तर धड एकच फेरा हाती येतो. म्हणून मंजुरीची वाट न पाहता मार्गदर्शकाच्या संमतीने पहिल्याच मेमध्ये थोड्या विहिरींचे पाणी तपासून ठेवावे. ते प्रबंधात गेले नाही तरी पुढच्या फेऱ्यांसाठी नेमक्या कोणत्या विहिरी धरायच्या, हे त्यातूनच ठरते.

नमुना घेणे हे किरकोळ काम समजून मदतनिसावर सोडले जाते आणि वर्ष वाया जाते ते बहुधा तिथेच. हातपंपाच्या नळीत रात्रभर थांबलेले पाणी आधी उपसून टाकावे. फ्लोराइडची काचेशी अभिक्रिया होते, म्हणून बाटली पॉलिथिनची हवी. जड धातूही तपासायचे असतील तर त्याच पाण्याची दुसरी बाटली भरून तिच्यात नायट्रिक आम्ल घालावे, पीएच दोनच्या खाली येईपर्यंत. तापमान, पीएच आणि विद्युतवाहकता जागेवरच मोजून वहीत टिपावी. आइसबॉक्समधल्या ओलाव्याने शाईची अक्षरे पसरतात. चिठ्ठीवर पेन्सिलने लिहावे. नाव पुसलेली बाटली म्हणजे त्या विहिरीचे ते वर्ष गेले.

पैशाचे गणित वेगळेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या फेलोशिपमध्ये संस्थेने दरमहा पोर्टलवर पुष्टी केल्याशिवाय रक्कम पुढे सरकत नाही. कार्यालयातली एक सही राहिली तरी ती अडते आणि मग काही महिन्यांची एकदम येते. मेचा दौरा या रकमेच्या भरवशावर आखू नये. सीएसआयआरच्या फेलोशिपमध्ये संशोधनखर्चासाठी वर्षाला २० हजार असतात. त्यातून रसायने घेतल्यावर जीपच्या भाड्याला फारसे उरत नाही. मार्गदर्शकाच्या चालू प्रकल्पाला जोडून घेणे किंवा जवळच्या महाविद्यालयाशी आधीच बोलून ठेवणे हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग. बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिपमध्ये पैसे नोंदणीच्या तारखेपासून धरतात की निवडीच्या, हे तोंडी विचारून भागत नाही. लेखी घ्यावे.

गावाचाही हिशेब असतोच. नमुना नेला आणि परत कोणी फिरकले नाही, ही तक्रार रास्त आहे. ग्रामपंचायतीची परवानगी घेताना निकाल कधी देणार ते सांगावे आणि तो अर्ध्या पानात, सोप्या मराठीत द्यावा: कोणत्या पंपाचे पाणी प्यावे, कोणते फक्त धुण्याभांड्याला वापरावे. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट आटल्याने त्याचे प्रमाण वाढते, हेही स्पष्ट लिहावे. कारण घरोघरी पहिला उपाय तोच केला जातो.

आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला प्रवेशापासून साधारणपणे सहा वर्षांची मुदत आहे. फेलोशिप पाचव्या वर्षी थांबते आणि ती चालू असताना पगाराची नोकरी करता येत नाही. सहाव्या वर्षाच्या खर्चाची तरतूद ४२ हजार हातात येऊ लागल्या महिन्यापासूनच करावी.